बालाचडीचे बापू : जामसाहेब दिग्विजयसिंहजी

आपल्या भागात लग्न ठरले की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचे, हा जुना शिरस्ता आहे. आपले वडगाव विणकरांचे, त्यामुळे कापडाच्या निमित्ताने त्या बाजाराशी बऱ्याच घरांचा संबंध येतो. हमरस्त्याने उचगाव ओलांडले, तावडे हॉटेलपाशी उजवीकडे वळले, की गांधीनगर आले. तेथले व्यापारी बहुतेक सिंधी. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांची ही वसाहत, एवढे सर्वांना माहीत असते. पण या सिंधी कुटुंबांना जी बराकींची वस्ती मिळाली, ती त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती. त्यांच्या आधी तेथे पाच वर्षे पोलंडमधून परागंदा झालेल्या बायका, मुले आणि वृद्ध माणसे राहत होती. वळिवडे कॅम्प तो हाच. घर गमावलेल्या एका समाजाने जागा सोडली आणि घर गमावलेला दुसरा समाज तेथे आला.

या पोलिश निर्वासितांची गोष्ट निघाली की एक नाव निघतेच, ते म्हणजे नवानगरचे, अर्थात जामनगरचे महाराजा जामसाहेब दिग्विजयसिंहजी. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले. माणूस गुजरातचा, राजघराण्यातला. आपला त्यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध वाचता वाचता कळेल.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो ते जामसाहेब रणजितसिंहजी त्यांचे चुलते, आणि ज्यांच्या नावाने दुलीप करंडक आहे ते दुलीपसिंहजी त्यांचे धाकटे बंधू. राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग इंग्लंडमधले माल्व्हर्न आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज असे शिक्षण झाले. १९१९ साली ते सैन्यात अधिकारी झाले. इजिप्तमध्ये आणि पुढे वझिरीस्तानच्या डोंगरात त्यांनी नोकरी केली आणि १९३१ साली निवृत्ती घेतली. चुलते अविवाहित होते. १९३३ च्या एप्रिलमध्ये ते वारले आणि गादी पुतण्याकडे आली.

क्रिकेटच्या घरातला माणूस असला तरी मैदानावर त्यांचे नाव फार गाजले नाही. पहिल्या दर्जाचा एकच सामना ते खेळले. १९३७-३८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे होते, आणि त्याच्या आदल्याच वर्षी विनू मांकडांसारखे खेळाडू असलेल्या नवानगरच्या संघाने रणजी करंडक जिंकला होता. १९३७ पासून ते नरेंद्र मंडळाचे, म्हणजे देशभरच्या संस्थानिकांच्या सभेचे प्रमुख झाले. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारच्या युद्धविषयक मंडळावर हिंदुस्थानचे एक प्रतिनिधी म्हणून त्यांना घेण्यात आले. येथपर्यंतचे आयुष्य त्या काळच्या कोणत्याही मोठ्या संस्थानिकाचे असावे तसेच आहे.

आता थोडे दूरच्या मुलखात जावे लागेल. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून रशिया यांनी पोलंडचे दोन तुकडे केले. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियाने १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत घालून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. लाकूडतोड, खाणी, सामुदायिक शेते हे त्यांच्या वाट्याला आले. उपासमारीने आणि तापाने किती मेले याची नीट मोजदाद नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा रशियाने लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारशी समझोता केला आणि या लोकांना सोडले. जनरल आंदर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभे केले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्यामागे बायकामुले असे एक लाखाहून अधिक लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. पुरुष लढायला गेले. उरलेल्यांना कोण घेणार, हा प्रश्न होता.

त्या वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. मोबाइलवर दरवर्षी एक मजकूर फिरतो, की पोलिश मुलांनी भरलेले जहाज बंदरोबंदरी हाकलले जात होते आणि अखेर जामसाहेबांनी ते आपल्या किनाऱ्याला लावून घेतले. वाचायला बरे वाटते, पण तसे घडले नाही. बालाचडीला आलेली पहिली मुले जहाजाने नव्हे, ट्रकने आली. अश्काबाद, मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो डोंगराळ आणि वाळवंटी रस्ता होता. पुढे ती मुंबईत पोचली, वांद्र्याला काही आठवडे राहिली आणि १९४२ च्या जुलैत जामनगरला आली. खरे जे घडले ते जहाजाच्या गोष्टीपेक्षा कमी नाही, असे आमचे मत आहे. सायबेरियातून सुटलेले सहा-सात वर्षांचे पोर मालट्रकच्या फळीवर बसून हिंदुस्थानात आले, याहून अधिक तिखटमीठ कशाला हवे?

जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी आहे. तेथे जामसाहेबांचा उन्हाळी राजवाडा होता. त्याच्याजवळच मुलांसाठी बराकी बांधल्या गेल्या. एक हजार मुले असा आकडा सगळीकडे छापला जातो. प्रत्यक्ष छावणीत राहिलेली मुले त्याहून कमी, सहाशे-सातशेच्या घरात होती. बरीचशी पोरकी, काहींची आई किंवा बाप कोठेतरी जिवंत, पण पत्ता नाही. जामसाहेबांनी त्यांना सांगितले, की तुम्ही आता पोरके नाही, नवानगरची सारी रयत मला बापू म्हणते, तुम्हीही बापू म्हणा. मुले खरोखरच बापू म्हणू लागली.

पैशाचीही व्यवस्था करायची होती. जामसाहेबांनी नरेंद्र मंडळातल्या आपल्या भाऊबंदांना हात सैल करायला लावला. टाटांसारख्या उद्योगपतींनीही मदत दिली. हा काळ कसला होता ते ध्यानात घ्यावे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून आपलीच लाखो माणसे जंगलातून पायी परत येत होती आणि १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लोक रस्त्यावर मरत होते. अशा वेळी परक्या मुलखातल्या पोरांसाठी झोळी फिरवणे सोपे नसावे. आपले उपाशी असताना परके का पोसायचे, हा सवाल तेव्हाही होता आणि आजही निर्वासितांचा विषय निघाला की पहिला हाच सवाल येतो. जामसाहेबांनी त्यावर वाद घातल्याचे दिसत नाही. त्यांनी बराकी बांधल्या.

छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुटा हे कॅथलिक धर्मगुरू होते. सरकारच्या वतीने क्लार्क नावाचे ब्रिटिश अधिकारी संपर्काचे काम पाहत. मुलांना शाळा पोलिश, शिक्षक पोलिश, प्रार्थनाही त्यांची. जामसाहेबांनी त्यांचा धर्म किंवा भाषा बदलण्याचा विचार केला नाही. पोलंडशी त्यांची ओळख जुनी असल्याचे सांगतात. रणजितसिंहजी राष्ट्रसंघाच्या बैठकींसाठी स्वित्झर्लंडला जात, तेव्हा तेथे राहणारे थोर पियानोवादक आणि पोलंडचे माजी पंतप्रधान पादेरेव्स्की यांच्याशी या घराण्याचा परिचय झाला होता.

एक प्रसंग त्या मुलांनी म्हातारपणीही सांगितला. जेवणात रोज पालकाची भाजी येऊ लागली. मुलांना ती बिलकूल आवडेना. शेवटी मुलांनी संप केला, भाजीला हात लावायचा नाही म्हणून ठरवले. मोठी माणसे चिडली. जामसाहेबांच्या कानावर गेले, तेव्हा त्यांनी मुलांना रागे न भरता स्वयंपाक्यांना पालक बंद करायला सांगितले. संस्थानच्या राजाने पालकाच्या भाजीचा निकाल द्यावा, ही गंमत आहेच. पण दोन वर्षांपूर्वी याच पोरांनी रशियात वाळक्या पावासाठी रांगा धरल्या होत्या. ज्याला पुन्हा नाही म्हणता येते, ते पोर सावरले आहे, एवढे त्या माणसाला कळत होते.

वळिवड्याचे मात्र वेगळे आहे आणि येथे नेहमी गफलत होते. वळिवडे कॅम्प जामसाहेबांनी काढला नव्हता. तो १९४३ च्या मध्यावर कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत उभा राहिला. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावे होता, देखरेख हिंदुस्थान सरकारची होती. वस्ती सुमारे पाच हजारांची, म्हणजे बालाचडीच्या कितीतरी पट. कौलारू छपराच्या आणि तट्ट्याच्या भिंतींच्या लांबलचक बराकी, पंचगंगेचा परिसर आणि जवळच मिरज-कोल्हापूर रेल्वेचे वळिवडे स्टेशन. चर्च, शाळा, दवाखाना, बालवीर पथक, नाटकाचा मंच असे एक छोटे पोलिश गावच तेथे वसले.

या बायकांचे नवरे आणि मुलगे आंदर्सच्या सैन्यात इटलीत लढत होते. आणि त्याच इटलीत आपली मराठा पलटण लढत होती, जिचे केंद्र येथे आपल्या बेळगावात आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून उचलून आणले, शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्याच रात्री त्याच नदीवर, भारतीय तुकड्यांच्या डाव्या बाजूला, पोलिश कोर चढाई करत होती. म्हणजे आपल्याकडच्या गावागावातल्या आया ज्या बातमीची वाट पाहत होत्या, त्याच आघाडीच्या बातमीची वाट वळिवड्याच्या बराकीतही पाहिली जात होती.

महिन्याभरात युरोपातले युद्ध संपले आणि छावण्यांतले खरे भांडण तेथून सुरू झाले.

त्याचे कारण असे, की युद्ध जिंकूनही या लोकांचे गाव त्यांना परत मिळाले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच ठेवायचे ठरवले. यातले बहुसंख्य लोक त्याच भागातले. जुलै १९४५ मध्ये इंग्लंड-अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सात रशियाच्या छायेखाली बसलेल्या सरकारला दिली. ज्या सरकारच्या शिक्क्यावर छावणी चालत होती, ते सरकार कागदावरून गेले. आम्ही सरकारी नोकरीत असल्याने शिक्का बदलला की माणसाचे काय होते याची थोडी कल्पना आहे. पुढे छावण्यांचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे गेला आणि तिचा रोख निर्वासितांना मायदेशी परत पाठवण्याकडे होता.

मायदेश म्हणजे कोणता, येथेच मतभेद होते. एका पक्षाचे म्हणणे, की आपले गाव राहिले नसले तरी पोलंड आहे, नातलग आहेत, जायला हवे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की ज्यांनी आपल्याला सायबेरियात टाकले त्यांच्याच हस्तकांच्या राज्यात परत जाणे म्हणजे आपल्या मेलेल्या माणसांशी बेइमानी आहे. एकाच बराकीत, एकाच तट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे ही दोन मते राहत होती. जायचे म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. राहायचे म्हणणाऱ्यालाही कोठे राहायचे याचे उत्तर देता येत नसे, कारण तेव्हा कोणत्याच देशाचे दार पुरते उघडे नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात आम्हाला कामानिमित्त निवारा केंद्रावर काही दिवस काढावे लागले. पूर आणि युद्ध यांची तुलना होणार नाही. तरी एक गोष्ट तेथे दिसली. पहिले दोन दिवस माणसे एकमेकांना धरून असतात, असेल ते वाटून खातात. तिसऱ्या दिवसापासून घर कोणाचे खरे पडले, यादीत नाव कोणाचे आधी, कोणाला दोन घोंगड्या मिळाल्या, यावर शब्दाला शब्द वाढतो. आणि सर्वांत कडू वाद परत कधी जायचे, जायचे की नाही, यावर होतो. सख्खे भाऊ त्यावरून अबोला धरताना पाहिले. मदत देणारा बाहेरचा माणूस अशा वेळी म्हणतो, की एवढे करूनही हे भांडतातच. आम्हाला वाटते, माणसाच्या हातात ठरवण्यासारखे एवढेच उरलेले असते, म्हणून तो त्यावर भांडतो.

बालाचडीत हा वाद मुलांवरून झाला. वॉर्साच्या नव्या सरकारने आपली पोरकी मुले परत मागितली. वरवर पाहता मागणी रास्त होती. देशाची मुले देशाने मागितली. पण मुलांना काय वाटत होते? बऱ्याच मुलांच्या मनात रशियाचे नाव काढले तरी भीती होती. काहींचे आईबाप तेथेच गेले होते. आणि उलट काहींचा एखादा नातलग पोलंडात जिवंत असण्याची आशाही होती. फादर प्लुटा मुलांना पाठवण्याच्या ठाम विरोधात होते. मग असा मार्ग काढला गेला, की जामसाहेब, फादर प्लुटा आणि क्लार्क यांनी मिळून मुलांचे पालकत्व कायद्याने स्वीकारावे. दत्तक गेलेले मूल पोरके राहत नाही, म्हणून पोरके म्हणून त्याला कोणी परत मागू शकत नाही. कागद साधा होता, पण त्याने काम केले. सक्तीने कोणाला पाठवले गेले नाही. पुढे फादर प्लुटा काही मुलांना अमेरिकेला घेऊन गेले, तेव्हा वॉर्साच्या सरकारने त्यांच्यावर मुले पळवल्याचा ठपका ठेवला.

या प्रकरणात जामसाहेबांनी कोणत्या पक्षाची बाजू घेतली, असे विचारले जाते. आमच्या वाचनाप्रमाणे त्यांनी मुलांना निवड करण्याइतका वेळ मिळवून दिला. ज्यांचे कोणी पोलंडात सापडले आणि ज्यांना जायचे होते, ती गेलीही. एक संस्थानिक म्हणून ते लोकशाहीवादी होते असे आम्ही म्हणणार नाही, राजा तो राजाच. परंतु रयतेतल्या भाऊबंदकीचे दावे ऐकण्याची ज्याला सवय असते, त्याला दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात हे ठाऊक असते.

१९४६ च्या अखेरीस बालाचडीची छावणी बंद झाली आणि उरलेली मुले थेट आपल्या शेजारी, वळिवड्याला आली. समुद्रावरून पंचगंगेवर. जामनगर सोडताना जामसाहेब त्यांना निरोप द्यायला हजर होते. वळिवड्यातूनही पुढच्या वर्ष-दीड वर्षात सर्वजण पांगले. सैनिकांच्या कुटुंबांना इंग्लंडने १९४७ च्या कायद्याने घेतले, तो सर्वांत मोठा गट. काही जण पोलंडला परतले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे गेले. मोजक्याच जणींनी येथेच संसार थाटले. १९४८ पर्यंत बराकी रिकाम्या झाल्या आणि सिंधमधून आलेल्यांनी त्या भरल्या.

तिकडे जामसाहेबांच्या अंगावर आता दुसरे प्रश्न येऊन पडले होते. १९४७ च्या सुरुवातीला काठियावाडातल्या संस्थानांचा वेगळा संघ करावा, असे त्यांच्या मनात घोळत होते. सरदार पटेलांनी त्यांचे बंधू हिंमतसिंहजी यांच्यामार्फत त्यांना दिल्लीला बोलावून वळवले. हा भाग काही चरित्रकार गाळतात. आम्हाला तो गाळावासा वाटत नाही, कारण त्यानंतर या माणसाने जे केले ते मनापासून केले. जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात जाण्याचे जाहीर केले तेव्हा काठियावाडच्या संस्थानिकांना एकत्र धरून ठेवण्यात जामसाहेब पुढे होते. जुनागढहून भयाने बाहेर पडलेली कुटुंबे शेजारच्या संस्थानांत आली होती आणि कराचीहून बोटींनी सिंधी माणसे किनाऱ्यावर उतरत होती. परक्यांना ओसरी देऊन झाली होती, आता आपल्यांना द्यायची होती. सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचा संकल्प सरदारांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये सोडला, तेव्हा जामसाहेबांनी लगेच एक लाख रुपये जाहीर केले.

१५ फेब्रुवारी १९४८ रोजी दोनशेहून अधिक लहानमोठ्या संस्थानांचे मिळून सौराष्ट्र राज्य झाले आणि जामसाहेब त्याचे राजप्रमुख झाले. संयुक्त राष्ट्रांतही त्यांनी भारताच्या शिष्टमंडळातून काम केले. कोरियाच्या युद्धानंतर तेथील पुनर्वसनासाठी राष्ट्रांकडून पैसा मिळवण्याच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सौराष्ट्र मुंबई राज्यात विलीन झाले आणि राजप्रमुखपद संपले. त्याच दिवशी आपले बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. एकाच राजपत्राने कोणाला आत आणि कोणाला बाहेर केले, ते वाचकांना सांगायला नको.

३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत जामसाहेबांचे निधन झाले. बालाचडीला आज सैनिकी शाळा आहे.

पोलंडमध्ये त्यांच्या नावाची चर्चा तेव्हा उघडपणे होऊ शकली नाही. त्यांच्याविषयी बोलायचे तर मुले मुळात हिंदुस्थानात का आली हे सांगावे लागले असते, आणि सायबेरियाचा विषय काढण्याची तेथे सोय नव्हती. १९८९ मध्ये तेथली राजवट बदलली तेव्हा कोठे तोंडे मोकळी झाली. वॉर्सातल्या एका शाळेला जामसाहेबांचे नाव दिले गेले. शहरातल्या एका चौकाला तेथले लोक भल्या महाराजांचा चौक म्हणतात. २०१२ मध्ये पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. कोल्हापूरच्या नावानेही वॉर्सात एक स्मारक उभे आहे आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे. रंकाळ्याला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तो जरूर पाहावा.

बालाचडी आणि वळिवड्याच्या त्या मुलांनी पुढे भारतातले पोल या नावाने संघटना काढली. जी परत गेली होती ती आणि जी गेली नव्हती ती, दोन्हीकडची म्हातारी माणसे एकत्र जमू लागली. परत जायचे की नाही यावरून ज्यांच्या आयांनी एकमेकींशी बोलणे सोडले होते, त्यांचीच ही मुले. जमली की ती शाळेतल्या खोड्या सांगत, पंचगंगेच्या आठवणी काढत, आणि बालाचडीची मंडळी पालकाच्या भाजीची गोष्ट हटकून सांगत.